‘मला माहीत आहे’ म्हणण्याआधी: एक समजूत तपासायची रीत

एखादी गोष्ट आपल्याला खरोखर माहीत आहे की ती नुसती आपली समजूत आहे, हे तपासायला एक कागद, पेन आणि साधारण अर्धा तास लागतो. ज्ञान म्हणजे काय यावर दोन हजारांहून अधिक वर्षं जे वाद झाले, त्यांतून निघालेली हत्यारं या कामाला थेट वापरता येतात. सरावासाठी देव, आत्मा, काळ असले विषय घेऊ नका. तिथे एकाच वेळी दहा गोष्टी चुकतात आणि नेमकी कोणती चुकली ते कळत नाही. साधं वाक्य घ्या. इथे आपण हे घेऊ: घरापासून दूर असताना मनात आलेलं ‘दाराला कुलूप आहे’.

वाक्य एकच, पण नेमकं

कागदावर समजूत एका वाक्यात लिहा. ‘घर सुरक्षित आहे’ असं लिहिलंत तर त्यात निदान चार दावे दडलेले असतात: कुलूप लावलं, कुलूप धड आहे, खिडक्या बंद आहेत, दुसरी किल्ली कुणाकडे नाही. चारांचे आधार वेगळे, म्हणून चार कागद.

काळही तपासा. ‘मी कुलूप लावलं’ आणि ‘कुलूप लागलेलं आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं आठवणीवर उभं आहे. दुसऱ्याला त्याशिवाय ‘मधल्या वेळात ते कुणी उघडलं नाही’ हा जास्तीचा आधार लागतो. घरच्यांपैकी कुणाकडे किल्ली असेल तर पहिलं वाक्य पक्कं असूनही दुसरं डळमळतं. बऱ्याच वादांत दोन माणसं प्रत्यक्षात अशा दोन वेगळ्या वाक्यांवर भांडत असतात.

नेमकेपणाची चाचणी सोपी आहे. हे वाक्य खोटं असेल तर जगात काय वेगळं दिसेल, ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर वाक्य अजून तयार नाही.

शब्दांबद्दल इथेच सावध करायला हवं. ‘माझी समजूत होती, पण ती चुकीची निघाली’ हे बिनदिक्कत म्हणता येतं. ‘मला माहीत होतं, पण ते खोटं निघालं’ हे कानाला खटकतं. म्हणजे ‘माहीत असणं’ या शब्दातच खरेपणा गृहीत आहे. ‘खात्री’ मात्र मनाची अवस्था आहे, ती खोट्या गोष्टीचीही असू शकते. ‘विश्वास’ हा शब्द तपासणीत शक्यतो टाळा. तो माणसावरही असतो आणि विधानावरही, आणि एकाचा दुसऱ्यात घोटाळा फार लवकर होतो. ‘ज्ञान’ या शब्दाचा घोटाळा आणखी खोल आहे. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातल्या तर्कावर भर देणाऱ्या शाखेत, ज्ञान म्हणजे कोणतीही जाणीव, त्यात भ्रमही आला. खऱ्या अनुभवाला तिथे प्रमा म्हणतात. पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेत ज्या अर्थाने ज्ञान म्हणतात, त्याच्या जवळ प्रमा येते. दोन्ही परंपरांचं लेखन एकत्र वाचताना हे विसरलं, तर ‘खोटं ज्ञान’ असा शब्दप्रयोग एकाला अगदी सरळ वाटतो आणि दुसऱ्याला अशक्य.

कशावरून?

वाक्याखाली हा प्रश्न लिहा आणि येईल ते उत्तर टिपा. मग त्या उत्तराचा प्रकार ओळखा. ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, किती, यावर भारतीय दर्शनांचं एकमत नाही: चार्वाक एकच मानतात, प्रत्यक्ष; बौद्ध आणि वैशेषिक २, सांख्य ३, नैयायिक (न्यायदर्शन मानणारे) ४, प्राभाकर मीमांसक ५, भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ६. रोजच्या तपासणीला प्रत्यक्ष, अनुमान, शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं, आणि अनुपलब्धी ही चार पुरतात. वर्गीकरणाचा हट्ट कशाला? कारण प्रत्येकाची मोडायची जागा वेगळी असते.

कुलपाच्या बाबतीत पहिलं उत्तर येतं, ‘मला आठवतंय’. नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत, कारण ती आधीच्या अनुभवाची नुसती उजळणी असते. हा मुद्दा व्यवहारात फार कामाचा आहे. आठवणीपाशी थांबू नका, तिच्या मागचा अनुभव शोधा. तो आजचा आहे की रोजचा? आज कुलूप लावताना पिशवी हातातून निसटली होती असं काही फक्त आजचं आठवत असेल, तर आठवण आजच्या अनुभवाला बांधलेली आहे. तसं काहीच नसेल तर तुम्ही खरं म्हणजे अनुमान करत आहात: ‘मी रोज लावतो, म्हणून आजही लावलं असणार.’ अनुमान वाईट नसतं. पण त्याला आठवण म्हणून नोंदवलंत तर चुकीच्या ठिकाणी तपासत बसाल.

अनुमान असेल तर व्याप्ती लिहून काढा, म्हणजे ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’. मग उपाधी शोधा, म्हणजे नियम ज्या न सांगितलेल्या अटीवर चालतो ती अट. नेहमीचं उदाहरण: धूर तिथे अग्नी हे बरोबर, पण अग्नी तिथे धूर हे चूक; धूर यायला सरपण ओलं लागतं. ओलं सरपण ही इथली उपाधी. ‘मी रोज कुलूप लावतो’ या नियमाची उपाधी बहुतेक वेळा ‘घाई नसते तेव्हा’ किंवा ‘मी शेवटचा बाहेर पडतो तेव्हा’ अशी निघते. आज ती अट होती का, एवढंच मग पाहायचं.

शब्दप्रमाणासाठी न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याची कसोटी अजूनही सर्वांत स्वच्छ आहे. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट साक्षात कळली आहे आणि जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. ही लक्षणं ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखीच लागू आहेत, असंही तो म्हणतो. म्हणून सांगणाऱ्याचं पद न विचारता दोन प्रश्न विचारा: याला हे कळायला वाव होता का? आणि जसंच्या तसं सांगण्याच्या आड याचं काही येतं का? इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तोंडं मोजणं. पाच जणांनी सांगितलं, पण पाचही जणांनी एकाच ठिकाणी वाचलं असेल, तर साक्षीदार एकच. प्रत्येक सांगणाऱ्याच्या नावापुढे ‘याला कुणी सांगितलं’ असा बाण काढत मागे जा आणि बाण जिथे थांबतात तेवढ्याच जागा मोजा.

अनुपलब्धी म्हणजे न दिसण्यावरून नसल्याचं कळणं. ‘टेबलावर किल्ली नाही’ हे मला कसं कळतं? ती दिसत नाही, यावरून. पण अंधाऱ्या खोलीत किल्ली दिसली नाही, तर ती नाही असं म्हणता येणार नाही. मीमांसकांनी म्हणून ‘योग्य’ ही अट घातली: ती असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. ‘असं काही झाल्याचा पुरावा नाही’ हे वाक्य समोर आलं की लगेच विचारा, झालं असतं तर पुरावा मागे राहिला असता का, आणि राहिला असता तर तो कुणी शोधला का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पुरावा नसणं हाच भक्कम पुरावा ठरतो. एक जरी ‘नाही’ असेल तर त्याचं वजन जवळजवळ शून्य.

सांधा तपासा

आता आधार आहे, आणि समजा वाक्य खरंही आहे. तरी काम संपत नाही. आधार आणि खरेपणा एकमेकांना जोडलेले आहेत का, हे पाहायचं राहतं. ही पायरी लोक गाळतात, आणि आमच्या मते संपूर्ण तपासणीत सर्वांत मोलाची हीच.

१९६३ साली एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांच्या निबंधात दाखवलं की समजूत खरी असेल, तिला आधारही असेल, तरी ती ज्ञान नसू शकते. भारतीय तर्कशास्त्रात ही अडचण त्याच्या कितीतरी आधी दिसते. आठव्या शतकातल्या धर्मोत्तराचं उदाहरण पाहा: मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वासाने कीटकांचा थवा जमला आहे. लांबून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी आहेच! बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचं उदाहरण आणखी छोटं आहे. मिटलेल्या मुठीत कवड्या किती? कुणी अंदाजाने ‘पाच’ म्हणतो, आणि निघतातही पाच.

असं उदाहरण स्वतः रचून पाहा, त्याशिवाय सांधा ओळखता येत नाही. कृती अशी:

१. सहसा भरवशाचा असलेला आधार घ्या. उदाहरणार्थ, भिंतीवरचं घड्याळ.
२. तो दुर्दैवाने मोडा: घड्याळ काल दुपारी सव्वातीनला बंद पडलं.
३. निष्कर्ष वेगळ्याच सुदैवाने खरा करा: तुम्ही आज नेमकं सव्वातीनलाच त्याकडे पाहिलंत.

तिसरी पायरी दुसरीवर अवलंबून ठेवलीत तर उदाहरण फसतं. दुर्दैव आणि सुदैव यांचा एकमेकांशी संबंध नसला पाहिजे.

आपल्या वाक्यावर याचा वापर करायला दोन प्रश्न आहेत. पहिला: ही गोष्ट खोटी असती, तर मला तसं कळलं असतं का? कुलूप लावलं नसतं तरी हीच धूसर ‘आठवण’ मनात आली असती, असं उत्तर असेल तर सांधा कच्चा आहे. रॉबर्ट नोझिक यांनी १९८१ मध्ये ज्ञानाची व्याख्याच या प्रश्नाभोवती बांधली. पण हा प्रश्न कधीकधी फार कडक पडतो. खोल विहिरीत दगड टाकला. तो तळाला गेला हे मला माहीत आहे असं आपण म्हणू. तो वाटेत कपारीत अडकला असता तर मला कळलं नसतं, तरीही. म्हणून दुसरा प्रश्न जोडीला ठेवा: याच आधारावर, जवळपास अशाच परिस्थितीत, मी किती सहज चुकलो असतो? दगड सहसा अडकत नाहीत, तेव्हा सांधा चालण्याजोगा. दोन्ही प्रश्नांत नापास झालेली समजूत खरी असली तरी ‘माहीत आहे’ या खान्यात टाकू नका.

शंकेला दोन टोकं हवीत

‘पण चूकही असू शकेल’ ही शंका नव्हे. न्यायशास्त्रात संशयाचा नमुना ‘हा खांब आहे की माणूस’ असा आहे. संध्याकाळी लांबवर काहीतरी उभं दिसतं, उंची दोघांना लागू पडते, हात दिसत नाहीत. इथे दोन्ही टोकं स्पष्ट आहेत, दोन्हींत समान काय तेही, आणि संशय कशाने मिटेल तेही: जवळ जा, हालचाल पाहा. प्रत्येक शंका या साच्यात लिहा: ‘हे की ते, दोन्हींत समान काय, फरक कशाने पडेल.’ तिसरा रकाना भरता आला तर उठून ते काम करा, शेजाऱ्याला फोन करून दार पाहायला सांगा. भरता येत नसेल तर शंका वेगळ्या जातीची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

किती, हे आकड्यांत

बरेचदा शंका मिटत नाही, फक्त कमीजास्त होते. तेव्हा टक्के वापरू नका, डोकी मोजा. समजा एक आजार १,००० माणसांत एकाला आहे. चाचणी १०० आजाऱ्यांपैकी ९९ पकडते, पण १०० निरोग्यांपैकी ५ जणांनाही आजारी ठरवते. १,००,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यांतले ९९ पकडले गेले. निरोगी ९९,९००, त्यांतले ४,९९५ चुकून सापडले. चाचणीने आजारी ठरवलेले एकूण ५,०९४, आणि त्यांत खरे आजारी ९९, म्हणजे सुमारे २ टक्के. ‘चाचणी ९९ टक्के अचूक, तेव्हा मला आजार असण्याची शक्यता ९९ टक्के’ ही उडी इथे पडते. आजार मुळात किती दुर्मिळ आहे, हे तिने वगळलेलं असतं.

साखळीतली गळतीही मोजा. एकमेकांपासून स्वतंत्र अशी २० विधानं, प्रत्येक ९५ टक्के भरवशाचं. सगळीच्या सगळी खरी असण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास उतरते. लांबलचक युक्तिवाद प्रत्येक पायरीला पटतो आणि शेवटी चुकतो, तो यामुळे.

मात्र मोठा आकडा म्हणजेच ज्ञान, असंही समजू नका. १,००० तिकिटांची सोडत आहे, बक्षीस एकच. माझं तिकीट लागणार नाही याची शक्यता ९९.९ टक्के. तरी निकालाआधी ‘ते लागणार नाही हे मला माहीत आहे’ असं म्हणवत नाही, कारण प्रत्येक तिकिटाबद्दल हेच म्हणता येईल आणि एक तर लागणारच. हा सोडतीचा विरोधाभास हेन्री कायबर्ग यांनी १९६१ मध्ये मांडला. निकाल छापून आल्यावर तो वाचून मात्र आपण सरळ ‘माहीत आहे’ म्हणतो, आणि छपाईत चूक असू शकते हे तेव्हाही ठाऊक असतं. फरक पुन्हा सांध्याचा: छापलेला निकाल प्रत्यक्ष सोडतीशी जोडलेला आहे, नुसता आकडा नाही.

तिसरा रकाना कायम रिकामा राहतो तेव्हा

‘हे सगळं स्वप्न नसेल कशावरून?’ १६४१ मध्ये देकार्तने संशय तीन टप्प्यांत वाढवला: इंद्रियं कधीकधी फसवतात, स्वप्नात तर सगळंच खरं वाटतं, आणि एखादी दुष्ट, सर्वसमर्थ शक्ती मला प्रत्येक बाबतीत फसवत असेल तर? कोणतंही निरीक्षण इथे फरक पाडत नाही, कारण ते निरीक्षणही स्वप्नातलंच असू शकेल. या शंकेवर चिडू नका आणि ती हसण्यावारीही नेऊ नका. तीन ओळींत लिहा.

१. मी स्वप्नात नाही, हे मला माहीत नाही.
२. ते माहीत नसेल, तर समोर टेबल आहे हेही मला माहीत नाही.
३. म्हणून समोर टेबल आहे, हे मला माहीत नाही.

आता ठरवा, तुम्ही नेमकी कोणती ओळ नाकारता, आणि त्याची किंमत शेजारी लिहा. पहिली नाकारायची तर जी. ई. मूर यांच्यासारखं उलट चालावं लागतं: टेबल आहे हे मला माहीतच आहे, म्हणून मी स्वप्नात नाही हेही माहीत आहे. किंमत: जे सिद्ध करायचं तेच घेऊन निघालात, असा आरोप येतो. दुसरी नाकारायची वाट फ्रेड ड्रेट्स्के यांनी १९७० मध्ये दाखवली. किंमत: ‘समोर टेबल आहे हे मला माहीत आहे, पण मी स्वप्नात नाही हे माहीत नाही’ हे अवघड वाक्य गिळावं लागतं. आणखी एक वाटही आहे. ‘माहीत असणं’ याची पातळी प्रसंगानुसार बदलते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती चढते, व्यवहारात उतरते. किंमत: मग दोघांचं म्हणणं एकाच वेळी बरोबर ठरतं आणि वाद मिटण्याऐवजी निसटतो. तिसरी ओळ मान्य करणं हाही पर्याय आहे, आणि तो प्रामाणिकपणे स्वीकारणारे विचारवंत झाले आहेत.

इथे दोन चुका वारंवार होतात. एक भाषेतली आहे. ‘माहीत असलेली गोष्ट खरी असायलाच हवी’ यातला ‘च’ नेमका कशाशी जोडायचा? ‘माहीत असेल तर खरी असते, याला अपवाद नाही’ हा अर्थ बरोबर आहे. ‘माहीत असेल तर ती गोष्ट खोटी असणं अशक्यच’ हा अर्थ वेगळा आणि चूक. आज पाऊस पडला हे मला माहीत आहे, पण तो पडला नसता असंही होऊ शकलं असतं. पहिल्या अर्थावरून गुपचूप दुसऱ्यावर सरकलं की चुकीची जराशी शक्यता दिसताच ज्ञान संपल्यासारखं वाटू लागतं.

दुसरी चूक म्हणजे संशयवाद्याला ‘मग तुझा संशय तरी तुला माहीत आहे का?’ असं विचारून जिंकल्यासारखं वाटणं. हा वार बौद्ध विचारवंत नागार्जुनाच्या काळीही जुना होता, आणि माझी काही प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचा दावाच, नाही, असं त्याचं उत्तर आहे. संशयवादी जयराशी भट्टाने तर प्रतिपक्षाच्याच व्याख्या घेऊन एकेक प्रमाण मोडून दाखवलं. संशयवाद्याला स्वतःचं घर बांधावं लागत नाही. तो तुमच्याच घराचे खांब हलवून पाहतो.

‘कशावरून’ कुठे थांबवायचं

प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘कशावरून’ विचारत गेलं की तीनच शेवट संभवतात: साखळी संपतच नाही, म्हणजे अनवस्था, ती वळून सुरुवातीला येते, म्हणजे चक्रक, किंवा कुठेतरी पुढचं कारण न देता थांबावं लागतं. ग्रीक परंपरेत ही कोंडी अग्रिप्पाच्या नावाने ओळखली जाते. आपल्या कागदावर कोणता शेवट आला ते निदान ओळखा. चक्र बहुधा लांब असल्यामुळे लपतं: ‘तो भरवशाचा, कारण तो खरं सांगतो, तो खरं सांगतो, कारण ते त्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ भरवशाचा, कारण तोच तसं सांगतो.’ सहा-सात उत्तरं झाली की वर जाऊन एखादं वाक्य पुन्हा आलंय का ते पाहा.

थांबायची जागा निवडायला नैयायिकांचे दोन दृष्टांत उपयोगी आहेत. एक तराजूचा: तराजूने वस्तू मोजतो, पण शंका आली तर ठाऊक वजनाने तोच तराजूही तपासता येतो. प्रमाणही एका वेळी साधन आणि दुसऱ्या वेळी तपासायची वस्तू असू शकतं. सगळे तराजू एकाच क्षणी तपासायचा आग्रह धरला तरच काम अडतं. दुसरा उदयनाचा: शंकेची हद्द व्याघातापर्यंत, म्हणजे स्वतःशीच विरोध येईपर्यंत. अग्नीने धूर होतो का, अशी शंका घेणारा माणूस धूर हवा असला की विस्तवच पेटवतो. जी शंका स्वतःच्या कृतीशीच विसंगत आहे, तिथे थांबावं. श्रीहर्षाने यावर उलट मारा केला: व्याघात येतो म्हणजे शंका आधीच आहे, मग व्याघात तिला थांबवणार कसा? आमचा कौल उदयनाकडे आहे, पण एका मर्यादेत. त्याच्या युक्तीने शंका खोटी ठरत नाही. ती घेऊन काही करण्याजोगं उरत नाही, एवढंच कळतं.

नोंद

शेवटी वाक्यापुढे चारांपैकी एक शेरा मारा: माहीत आहे, आधार आहे पण सांधा कच्चा, नुसती समजूत, ठरवता येत नाही. ‘ठरवता येत नाही’ आणि ‘खोटं आहे’ यांची गल्लत करू नका. निर्णय तहकूब ठेवणं ही वेगळी भूमिका आहे, आणि प्राचीन संशयवाद्यांनी ती शोध चालू ठेवण्यासाठीच घेतली होती. चुकलात तर नुकसान किती, तेही शेजारी लिहा. घरात मौल्यवान काही नसेल तर ‘सांधा कच्चा’ या शेऱ्यावर निर्धास्त राहायला हरकत नाही. असेल तर तो फोन करायलाच हवा. शेऱ्याखाली तारीख आणि वेळ घाला. ‘मी कुलूप लावलं’ या वाक्याचा शेरा नवी माहिती येईपर्यंत टिकतो. ‘कुलूप लागलेलं आहे’ याचा शेरा घरची दुसरी किल्ली घेऊन कुणी बाहेर पडलं की पुन्हा तपासावा लागतो.